मागे राख न ठेवणारी आग

[दृश्य: अंधारी प्रयोगशाळा, बन्सन बर्नर]

ही ज्योत नीट बघा. बर्नरचं हवेचं छिद्र बंद आहे, म्हणून ती पिवळी आणि लवलवती दिसते. तिच्यावर चिनी मातीची पांढरी बशी धरली की थोड्याच वेळात बशीवर काजळी धरते. ज्योतीचा पिवळा रंगही त्या काजळीचाच. अर्धवट जळालेल्या कार्बनचे बारीक कण तापून चमकत असतात. आता छिद्र उघडलं. हवा आत शिरली, ज्योत आखडली आणि निळी झाली. दुसरी बशी धरली. पांढरी ती पांढरीच.

लाकूड आणि कोळसा असे जळत नाहीत. घन ढेकळाच्या पोटात हवा पोहोचवणं अवघड. नैसर्गिक वायू मुळातच वायू असल्यामुळे पेटण्याआधीच हवेशी एकजीव होतो.

[दृश्य: मिथेनच्या रेणूचं ॲनिमेशन]

नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेन असतो. कार्बनचा एक अणू आणि त्याला जोडलेले हायड्रोजनचे चार. जळताना कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोजनचं पाणी होतं, आणि उष्णता दोघांकडून मिळते. कोळशात मात्र जवळपास सगळा भार कार्बनवरच. हवामान बदलावरच्या आयपीसीसी या मंडळाने देशांना हिशेबासाठी प्रमाण आकडे दिले आहेत. एक गिगाज्यूल उष्णतेमागे नैसर्गिक वायूतून 56 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, डिझेलमधून 74, दगडी कोळशातून 95 च्या आसपास आणि लिग्नाइट या तपकिरी, हलक्या प्रतीच्या कोळशातून 101.

[दृश्य: वाघिणींची रांग, कन्व्हेअर पट्टा, राखेचा तलाव – ड्रोनमधून]

कोळशावरचं 500 मेगावॉटचं वीजकेंद्र पूर्ण क्षमतेने चालवायचं, तर चांगल्या प्रतीचा कोळसासुद्धा दिवसाला चार-पाच हजार टन लागतो. तो खणायचा, वाघिणींत भरायचा, इथे आणून ओतायचा, पिठासारखा दळायचा आणि मग भट्टीत फुंकायचा. जळून झालं तरी काम संपत नाही. धुरातली राख धरायला एक यंत्रणा, गंधक धरायला चुनखडीच्या फवाऱ्याची दुसरी. धरलेल्या राखेतली बरीच राख पाण्यात कालवून तलावात सोडतात. हा तलाव एका चौकटीत मावावा म्हणून ड्रोन वर वर नेला. काठ तरीही मावला नाही.

[दृश्य: दुरुस्तीसाठी उघडलेलं गॅस टर्बाइन]

वायूवरच्या केंद्रात राखेचा तलाव लागतच नाही. टर्बाइन दुरुस्तीसाठी उघडलं होतं, म्हणून ही पाती इतक्या जवळून दिसतात. पात्याच्या कडेची बारीक भोकं बघा. त्यांतून हवा सोडतात आणि तिचा पातळ थर पात्यावर पसरतो. हे करावंच लागतं, कारण समोरून येणारा झोत 1,500 अंश सेल्सिअसच्या घरात असतो, आणि एवढ्या उष्णतेत उघडी धातू टिकत नाही. टर्बाइन फिरवून बाहेर पडणारा झोतसुद्धा 600 अंशांच्या आसपास असतो. त्याच्यावर पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेवर दुसरं टर्बाइन फिरवायचं. या जोडीला कम्बाइंड सायकल म्हणतात. इंधन एकदाच जळतं, वीज दोनदा मिळते. आजच्या उत्तम केंद्रांत इंधनातल्या उष्णतेपैकी 60 टक्क्यांच्या वर भागाची वीज होते. कोळशाची बहुतेक केंद्रं 35 ते 40 टक्क्यांवर अडतात. आधीच कार्बन कमी, त्यात वीज जास्त, त्यामुळे एका युनिटमागचा कार्बन डायऑक्साइड निम्म्याहूनही खाली येतो. नायट्रोजनची ऑक्साइडं इथेही तयार होतात, कारण तो नायट्रोजन हवेतला असतो. पण वायू आणि जास्तीची हवा आधीच मिसळून ज्वालेचं तापमान आवरलं, की तीही बरीच घटतात.

[दृश्य: वायू शुद्धीकरण प्रकल्प, गंधकाचे पिवळेजर्द ढीग]

आमच्या सगळ्या चित्रीकरणात सर्वांत बोलकं दृश्य हेच. काही विहिरींच्या वायूत हायड्रोजन सल्फाइड भरपूर असतो. वायू पाइपलाइनमध्ये सोडण्याआधीच तो वेगळा काढतात आणि त्यापासून घन गंधक बनवतात. पुढे त्याचं सल्फ्युरिक ॲसिड होतं आणि त्यातलं बरंचसं खतांसाठी जातं. कोळशाच्या चिमणीतून हेच गंधक सल्फर डायऑक्साइड होऊन सुटतं आणि आम्लपावसाच्या रूपाने खाली येतं. इथे ते फावड्याने भरता येतंय.

[दृश्य: जुनी कृष्णधवल फिल्म]

डिसेंबर 1952, लंडन. कोळशाच्या धुराने आणि धुक्याने पाच दिवस शहर झाकोळलं. त्या वेळच्या अंदाजाने 4,000 माणसं गेली, नंतरच्या अभ्यासात हा आकडा 12,000 पर्यंत गेला. 1956 साली स्वच्छ हवेचा कायदा आला. 1967 ते 1977 या काळात ब्रिटनने घरोघरची गॅसची उपकरणं, कोळशापासून बनवलेला गॅस सोडून, उत्तर समुद्रातल्या नैसर्गिक वायूला जुळवून घेतली. चुलीचा आणि रॉकेलचा धूर आजही जगात घराघरांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुराने 2020 या एका वर्षात 32 लाख जीव घेतले.

[दृश्य: इन्फ्रारेड कॅमेऱ्यातून व्हॉल्व्ह]

साध्या डोळ्यांना या व्हॉल्व्हपाशी काहीच दिसत नाही. या कॅमेऱ्यात मात्र मिथेनचे लोट दिसतात. न जळता सुटलेला मिथेन 100 वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 30 पट तापवतो, 20 वर्षांच्या हिशेबाने 80 पट. वीजकेंद्रापर्यंत पोहोचेतो तीन टक्क्यांहून फार जास्त वायू गळला, तर सुरुवातीची काही वर्षं कोळशावरची त्याची आघाडी उरत नाही. सूर्य आणि वारा याहून स्वच्छ आहेत, यात वाद नाही. पण कोळशाची भट्टी आज विझवायची, तर रात्री आणि वारा पडलेला असताना लागणारी वीज देणारं काहीतरी हवं, आणि वायूची टर्बाइन ते काम भराभर सुरू होऊन करतात. म्हणूनच ही गळती आम्हाला सहन होत नाही. 2021 साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत शंभराहून अधिक देशांनी 2030 पर्यंत जगातलं मिथेन उत्सर्जन 2020 च्या तुलनेत 30 टक्क्यांनी घटवण्याच्या संकल्पाला साथ दिली. युरोपीय संघाने 2024 साली गळती शोधणं आणि ती दुरुस्त करणं कंपन्यांना कायद्याने बंधनकारक केलं. असा कायदा वायू काढणाऱ्या प्रत्येक देशात हवा, आणि तोही लवकर.