इंटरनेटवरून फोन आणि फॅक्स: गेटवे कसा लावायचा

[दृश्य: टेबलावर चार पोर्टांचा गेटवे, शेजारी टेलिफोन आणि फॅक्स मशीन]

हा गेटवे, साध्या फोन-फॅक्सला इंटरनेटशी जोडणारी पेटी. एका बाजूने यात इंटरनेटची केबल येते, दुसऱ्या बाजूने टेलिफोनची दोन तारांची वायर. काहीही जोडण्याआधी पोर्टावरची अक्षरं वाचा. एफएक्सएस पोर्टला टेलिफोन किंवा फॅक्स मशीन लावायचं. डायल टोन आणि घंटीचं व्होल्टेज हा पोर्टच देतो. एफएक्सओला लागते एक्सचेंजहून आलेली लाइन. ती चुकून एफएक्सएसमध्ये खोचली, तर दोन्हीकडून व्होल्टेज समोरासमोर येतं आणि घंटी वाजताच पोर्ट जळू शकतो.

आवाजासाठी जी.७११ कोडेक (आवाजाचे बिट करण्याची पद्धत) निवडा, भारतात त्याचा ए-लॉ नावाचा प्रकार. दर २० मिलिसेकंदांना एक पाकीट, म्हणजे डेटाचा एक तुकडा जातो: १६० बाइट आवाज आणि ४० बाइट पत्ता-शीर्षक, म्हणजे एका कॉलला प्रत्येक दिशेने ८० केबीपीएस (सेकंदाला ८० हजार बिट). इथरनेटची भर धरून ८७. चार लाइन एकदम चालू असल्या, तर अपलोडला ३५० केबीपीएस मोकळे हवेत.

फोन लागतो, पण एकाच बाजूचा आवाज ऐकू येतो? आधी राउटर तपासा. सिप म्हणजे इंटरनेटवर कॉल जुळवण्याची पद्धत. राउटरमधली सिप एएलजी नावाची सोय पाकिटांमधले पत्ते बदलायला जाते आणि बऱ्याचदा चुकीचे लिहून ठेवते. ती बंद करा.

समोरच्याने फोन ठेवला तरी एफएक्सओ लाइन अडकून राहते, ही दुसरी नेहमीची तक्रार. गेटवेवर बऱ्याचदा अमेरिकेचे टोन ठेवलेले असतात आणि आपला बिझी टोन त्याला ओळखताच येत नाही. आपला टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद थांबतो. देश म्हणून भारत निवडा, नाहीतर हे आकडे हाताने भरा.

[दृश्य: फॅक्स मशीनमध्ये कागद सरकतो आहे]

खरी परीक्षा फॅक्सची. बोलताना २० मिलिसेकंद गळाले तर कानाला कळतही नाही. १४,४०० बीपीएसच्या फॅक्समध्ये तेवढ्या वेळात २८८ बिट जातात, शिवाय मोडेमचा, म्हणजे मशीनमध्ये बिटांचे सूर करणाऱ्या भागाचा, सूर सुटतो. जी.७२९ हा दुसरा कोडेक तर फॅक्ससाठी वापरूच नका. माणसाचा आवाज दाबून ८ केबीपीएसमध्ये बसवायला तो केलेला आहे, मोडेमच्या सुरांची त्यात वाट लागते.

यावर उपाय टी.३८, म्हणजे इंटरनेटवरून फॅक्स नेण्याची पद्धत. यात गेटवे मोडेमचे सूर इंटरनेटवर पाठवत नाही. तो स्वतः ते ऐकतो, त्यातले बिट काढतो आणि पाकिटात घालतो. समोरचा गेटवे त्या बिटांचे पुन्हा सूर करतो. प्रत्येक पाकिटात आधीच्या पाकिटांची प्रत जोडता येते, म्हणून एखादं हरवलं तरी पान शाबूत राहतं. ही प्रत जोडणं चालू ठेवा. मात्र टी.३८ दोन्ही टोकांना आणि मधल्या सिप सेवेलाही (इंटरनेटवरून कॉल पोचवणाऱ्या कंपनीला) यायला हवं. सेवा घेण्याआधी हे विचारून घ्या.

मधल्या कोणाला ते येत नसेल, तर जी.७११ वरूनच फॅक्स न्यावा लागतो. तेव्हा त्या पोर्टवर इको कॅन्सलर (प्रतिध्वनी काढणारी सोय) आणि सायलेन्स सप्रेशन (शांततेत पाकिटं थांबवणारी सोय) बंद करा, जिटर बफर, म्हणजे मागेपुढे येणारी पाकिटं थोडा वेळ साठवणारी जागा, ठरावीक ठेवा. मशीनचा वेग ९,६०० बीपीएसवर आणा आणि सुपर जी३ (फॅक्सचा जास्त वेगाचा प्रकार) बंद करा.

वीज गेली की गेटवेही जातो. लँडलाइनला वीज एक्सचेंजहून मिळते, याला मिळत नाही. गेटवे, राउटर आणि इंटरनेटचं मोडेम तिन्ही यूपीएसवर घ्या.

एक इशारा. बाहेरच्या लोकांचे कॉल इंटरनेटवरून आणून आपल्या लँडलाइनवर सोडणं म्हणजे विनापरवाना एक्सचेंज चालवणं. तो गुन्हा आहे.

[दृश्य: मशीनमधून अहवालाची चिठ्ठी बाहेर येते]

चाचणीला एक पान पाठवून थांबू नका, एकाच कॉलमध्ये दहा पाठवा. दोन गेटवेंची घड्याळं किंचित पुढेमागे चालतात. जी.७११ वर तो फरक साठत जाऊन बफर रिता होतो किंवा भरून वाहतो. एक पान त्याआधीच निघून जातं. सातवं-आठवं अडकतं.