गोठवलेलं पाकीट घेताना

नमस्कार श्रोतेहो.

तयार जेवण घरी आणणं पुण्याला नवीन नाही. पेठांमधून पोळी-भाजी केंद्रं वर्षानुवर्षं चालत आली आहेत. संध्याकाळी कामावरून येताना चार पोळ्या आणि पावशेर भाजी बांधून घेतली की घरी फक्त वरण-भाताचा कुकर लावायचा, हे कितीतरी घरांचं वेळापत्रक होतं, आजही आहे. आता त्याच्या जोडीला फ्रीजर आला आहे. हिंजवडी-खराडीहून रात्री उशिरा परतणारी जोडपी, एकट्या राहणाऱ्या आजी, खोल्या करून राहणारी मुलं, सगळ्यांकडे गोठवलेले पराठे, कटलेट, मटार, मक्याचे दाणे दिसतात. गणपतीत तर उकडीचे मोदकही. सप्टेंबर २०२५ मध्ये पराठ्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला, त्यामुळे पराठ्याची पाकिटं आणखी सहज पिशवीत पडू लागली.

या मागणीला आळस म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. घरातल्या एकाच बाईने दोन्ही वेळ ओट्याशी उभं राहावं, ही अपेक्षा त्या शब्दामागे लपलेली असते.

आणि गोठवलेलं म्हणजे शिळं, हेही खरं नाही. सासवडचा कोवळा वाटाणा घ्या. तोडल्यापासून त्यातली साखर कमी होऊन स्टार्च वाढू लागतो, दाणा पिठूळ लागतो. कारखान्यात दाणे गरम पाण्यातून काढतात, म्हणजे रंग-चव बिघडवणारी प्रक्रिया थांबते, आणि मग अतिथंड हवेच्या झोतात एकेक दाणा सुटा गोठवतात. गोठणं झटपट झालं की बर्फाचे कण बारीक राहतात, दाण्याच्या पेशी फाटत नाहीत. घरच्या फ्रीजरमध्ये तेच काम सावकाश होतं, म्हणून घरी साठवलेला मटार थोडा मऊ पडतो. चवीला मात्र छानच असतो!

खरी अडचण पुढे सुरू होते. हा माल उणे १८ अंशांवर किंवा त्याहून थंड राहायला हवा. कारखाना, ट्रक, दुकान, डिलिव्हरीची दुचाकी, यांत कुठेही साखळी तुटली की माल वितळतो आणि पुन्हा गोठतो. थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते थबकतात. ऊब मिळाली की पुन्हा वाढतात. तेव्हा मटाराचं पाकीट हलवून पाहा. दाणे खुळखुळले पाहिजेत. आत ढेकूळ लागलं, बर्फाचा जाड थर दिसला, तर परत ठेवा. बाकीची खरेदी उरकून हे पाकीट सगळ्यात शेवटी घ्यावं आणि तडक घर गाठावं. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तर फ्रीजरचं दार उघडूच नका. एकदा पूर्ण वितळलेलं पुन्हा गोठवू नका, शिजवून टाका.

मिठाकडेही लक्ष हवं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे साधारण २ ग्रॅम सोडियम. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये छापलेलं असतं, बहुतेकदा १०० ग्रॅममागे. आपण खातो किती, तो हिशोब आपणच करायचा. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या घरात तर नक्कीच. नुसत्या मटार-मक्याला ही काळजी सहसा नसते, ती तयार भाज्या आणि तळणीच्या पदार्थांना असते.

आणि दुकानदाराला बेधडक विचारा: रात्री फ्रीजर बंद करता का? पाच-दहा गिऱ्हाइकांनी हे विचारलं, तर तो बटणाला हात लावणार नाही.