कोहामधून घाऊक नोंदी काढताना

मंडळी, निर्लेखन झालेली, म्हणजे रीतसर बाद केलेली पुस्तकं, दुबार आयात झालेल्या नोंदी, एकही प्रत नसलेली शीर्षकं. कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली वापरणाऱ्या बहुतेक ग्रंथालयांत ही अडगळ साचलेली असते. वाचक तालिकेत पुस्तक शोधतो, कपाटापाशी जातो आणि हात हलवत परत येतो. हे थांबलंच पाहिजे. पण काढायचं बटण कुठे आहे ते पाच मिनिटांत कळतं. खरं काम यादी करण्याचं आहे, म्हणून मी जास्त वेळ यादीवरच बोलणार आहे.

आधी एक भेद पक्का करू. शीर्षक, लेखक, प्रकाशक ही झाली ग्रंथनोंद. बारकोड, किंमत, शाखा, स्थिती ही प्रतनोंद, मार्क या नोंदींच्या ठरलेल्या साच्यातलं ९५२ क्षेत्र. एका ग्रंथनोंदीखाली सात प्रती असू शकतात. त्यातल्या तीन फाटल्या, तर तीन प्रतनोंदी काढायच्या. ग्रंथनोंदीला हात लावायचा नाही. म्हणूनच कोहात घाऊक काढण्याची साधनंही दोन आहेत. प्रतींच्या साधनाला बारकोडची यादी द्यायची, ग्रंथनोंदींच्या साधनाला नोंद क्रमांकांची. दुसरं साधन ग्रंथनोंदीबरोबर तिच्याखालच्या सगळ्या प्रतीही काढतं. निर्लेखनासाठी ते वापरलं, तर उरलेल्या चार चांगल्या प्रतीही जातात. निर्लेखनाला नेहमी प्रतींचं साधन. शेवटची प्रत गेल्यावर ग्रंथनोंदही काढायचा पर्याय तिथेच आहे. तो विचार करूनच निवडा.

आता यादी. ती मंजूर झालेल्या निर्लेखन प्रस्तावावरून करा, तालिकेत शोध घेऊन नव्हे. केंद्र सरकारच्या संस्थांना लागू असलेल्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम २१५ आठवा. वर्षभरात दिल्या गेलेल्या किंवा वाचल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणं तो वाजवी धरतो, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. एक हजार रुपयांपेक्षा महाग ग्रंथ आणि कोणत्याही किमतीचा दुर्मिळ ग्रंथ हरवला, तर चौकशी ठरलेलीच. अशा ग्रंथांची चौकशी चालू असताना त्यांच्या प्रतनोंदी नाहीशा झाल्या, तर लेखापरीक्षकांना काय दाखवणार?

यादी बिघडते ती बहुधा एक्सेलमध्ये. बारकोड म्हणून वापरलेला दाखल क्रमांक ००४५२१ असेल, तर एक्सेल पुढची शून्यं गाळून ४५२१ करतं. लांबलचक बारकोड असेल, तर त्याचं घातांकी रूप होतं. कोहा मग ‘हे बारकोड सापडले नाहीत’ असं सांगतं, तोवर ठीक. पण जुन्या संगणकीकरणात काही पुस्तकांना शून्यांसह आणि काहींना शून्यांविना बारकोड दिलेले असतात. तिथे ४५२१ हा भलत्याच पुस्तकाचा बारकोड निघतो आणि ते पुस्तक निमूटपणे जातं. त्यामुळे रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करा, फाइल साध्या मजकुराच्या रूपात जतन करा, एका ओळीत एक बारकोड ठेवा, आणि तपासायला ती नोटपॅडमध्येच उघडा. एका खेपेला पाचशे पुरेत. मूळ सेटिंगनुसार हजारापेक्षा जास्त प्रती दिल्या, तर कोहा त्या पडद्यावर दाखवत नाही, काढू मात्र देतं. न पाहता काढू नका.

लगेच काढायचीही घाई नको. आधी घाऊक बदलाच्या साधनाने त्या प्रतींची स्थिती ‘बाद’ करा आणि वाचकांच्या तालिकेतून प्रती लपवण्याच्या सेटिंगमध्ये ती स्थिती टाका. वाचकाचा त्रास त्याच दिवशी संपतो. महिना-दोन महिन्यांत एखादं पुस्तक बांधणीवाल्याकडे किंवा विभागाच्या कपाटात सापडतंच. ते परत जिवंत करायला एक टिचकी पुरते.

‘प्रत नसलेल्या ग्रंथनोंदी’ काढताना तर विशेष सांभाळा. रिपोर्टमध्ये त्या झटकन मिळतात, पण त्या सगळ्या निरुपयोगी नसतात. ८५६ क्षेत्रात दुवा असलेलं ई-पुस्तक, ७७३ असलेली लेखनोंद, मागणी पाठवलेलं पण अजून न आलेलं पुस्तक, वर्गणी चालू असलेलं नियतकालिक या सगळ्यांना प्रत नसू शकते. हे चार गट वगळूनच रिपोर्ट लिहा.

एकच फाइल दोनदा आयात झाली असेल, तर घाऊक साधन वापरूच नका. आयात केलेल्या तुकड्यांच्या पानावर जाऊन ती तुकडी मागे घ्या. नंतर कुणी हाताने प्रत जोडलेली नोंद मागे राहते, ती वेगळी पाहा. आणि दोन्ही जुळ्या नोंदींखाली प्रती असतील, तर काढू नका, विलीन करा.

प्रत्यक्ष काढण्याआधी सर्व्हरवर कोहा-डंप ही आज्ञा चालवून बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या यंत्रावर ठेवा. नुसती मार्क निर्यात म्हणजे बॅकअप नव्हे. ती परत आयात केली की नोंदींना नवे क्रमांक मिळतात आणि आरक्षणं, याद्या, जुने दुवे तुटतात. काढलेल्या नोंदी वेगळ्या टेबलांत जातात खऱ्या, पण बहुतेक आवृत्त्यांत त्या परत आणायला डेटाबेसमध्येच उतरावं लागतं, आणि रात्रीची सफाई तीही टेबलं रिकामी करेल अशी लावलेली असू शकते.

काही प्रती निघत नाहीत: वाचकाकडे असलेली, आरक्षणासाठी राखून ठेवलेली, शाखा स्वतंत्र ठेवायची सेटिंग चालू असेल तर दुसऱ्या शाखेची. हे अडथळे तुमच्या भल्यासाठी आहेत. त्यांना वळसा घालून थेट डेटाबेसमधून नोंद पुसली, तर काढलेल्यांच्या टेबलात काही उरत नाही, कोहाच्या शोधासाठी असलेल्या झेब्राची अनुक्रमणीही जुनीच राहते. शोधात शीर्षक दिसतं आणि उघडलं की त्रुटीचं पान येतं. नव्या आवृत्त्यांत हे काम पार्श्वभूमीत रांगेने होतं. यादी ‘नवीन’ स्थितीतच अडकली असेल, तर पुन्हा बटण दाबू नका. सर्व्हरवरची रांगेची सेवा बंद आहे का ते आधी बघायला सांगा.

हरवलेल्या पुस्तकांची भरपाई मात्र प्रत काढण्याआधी वसूल करा किंवा माफ करून टाका. प्रत गेली की वाचकाच्या खात्यावरच्या रकमेचा आणि त्याच्या जुन्या देवघेवीचा त्या प्रतीशी असलेला दुवा तुटतो. आकडेवारीच्या टेबलात प्रतीचा क्रमांक टिकतो, पण त्यावरून काढलेला वार्षिक देवघेवीचा रिपोर्ट फक्त चालू प्रतींच्या टेबलाशी जोडलेला असेल, तर गेल्या वर्षीचा आकडा यंदा कमी दिसेल. त्यात काढलेल्या प्रतींचं टेबलही जोडून घ्या, आणि मूल्यमापनासाठी दिलेला आकडा काढण्याच्या आदल्या दिवशीच छापून फाइलला लावा.