हे वर का आणि ते खाली का?

नमस्कार. आत्ता हॉलमध्ये येताना दारातच एकानं थांबवून विचारलं, मॅडम, प्रॉडक्ट ओनरचा कोर्स झाला, परीक्षा पण पास झालो, आता सोमवारी जॉइन होतोय, तर सोमवारी सकाळी नक्की करायचं काय? प्रॉडक्ट ओनर म्हणजे सॉफ्टवेअरच्या टीमनं काय बनवायचं ते बघणारा माणूस. प्रश्न इतका खरा आहे की मी स्लाइड्स बंदच करते आणि तिथूनच सुरू करते.

मी आधी बिझनेस ॲनालिस्ट होते, म्हणजे ग्राहकाला काय हवं ते समजून लिहून काढणारी, त्यामुळे प्रॉडक्ट ओनर झाले तेव्हा मला वाटलं आपलं काम म्हणजे लिहिणं. पहिले तीन-चार महिने मी नुसती लिहीतच होते, एकेक स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याला काय हवंय त्याची नोंद, दीड-दोन पानांची, बटण डावीकडे की उजवीकडे, मेसेज लाल रंगात की काळ्या, सगळं त्यात. डेव्हलपर वाचायचे, बनवायचे, मी तपासून बंद करायचे, बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची यादी, कसा एकदम नीटनेटका. मग एका रिफाइनमेंटला, म्हणजे पुढची कामं टीमबरोबर उलगडून बघायच्या बैठकीत, एका डेव्हलपरनं साधंच विचारलं, हे आधी का घ्यायचं, त्याच्या खालचं का नाही? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, वरून सांगितलंय. तो वाद घालत बसला नाही, बरं म्हणाला आणि कामाला लागला, पण त्याचं ते 'बरं' माझ्या डोक्यातून कित्येक दिवस गेलं नाही, कारण त्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायलाच तर मला तिथे बसवलं होतं.

मग मी स्क्रम गाइड, म्हणजे टीमनं काम करायच्या स्क्रम पद्धतीची नियमपुस्तिका, परत काढलं, ह्या वेळी परीक्षेसाठी नाही. स्क्रम ज्यांनी तयार केलं त्या केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी ते पहिल्यांदा २०१० मध्ये काढलं, आत्ता चालू आहे ती २०२० ची आवृत्ती, आणि सगळं मिळून पंधरा पानांच्या आत आहे. आता गंमत बघा, त्यात यूजर स्टोरी हा शब्दच नाहीये, मी चार महिने जे करत होते त्याचं नावसुद्धा नाही. तिथे म्हटलंय की टीमच्या कामातून जे प्रॉडक्ट तयार होतं त्याची व्हॅल्यू जास्तीत जास्त कशी होईल याला प्रॉडक्ट ओनर जबाबदार. लिहिण्याचं काम दुसऱ्या कोणाला दिलं तरी चालतं, पण जाब तुम्हालाच. आणि प्रॉडक्ट ओनर म्हणजे एक माणूस, कमिटी नाही.

अजून एक बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी बॅकलॉगबद्दल 'प्रायॉरिटी लावलेला' असं म्हणायचे, २०११ च्या आवृत्तीत ते काढून 'क्रम लावलेला' असं केलं. ऐकायला एकच वाटतं ना? पण प्रायॉरिटी म्हटलं की काय होतं, चाळीस आयटमपैकी तीस हाय असतात, आणि हाय लिहिणाऱ्याला काही ठरवावंच लागत नाही. क्रम म्हटला की पहिल्या नंबरवर एकच बसतो. दोन गोष्टी एकाच पायरीवर उभ्या राहू शकत नाहीत, म्हणजे तुम्हाला बोलावंच लागतं की हे वर आणि ते खाली. शिवाय क्रम फक्त व्हॅल्यूवर लागत नाही, कधीकधी एखादी छोटी, दिसायला फालतू गोष्ट वर घ्यावी लागते कारण ती केल्याशिवाय पुढच्या पाच अडकून पडतात, किंवा ती करून बघितल्याशिवाय कळतच नाही की मोठं काम शक्य आहे का. २०२० मध्ये गाइडमध्ये प्रॉडक्ट गोल, म्हणजे प्रॉडक्टचं पुढचं उद्दिष्ट, आला ते बरं झालं, कारण कुठे जायचंय हेच ठरलेलं नसेल तर वर-खाली कशाच्या आधारानं सांगणार?

आता हा क्रम लावायला शिकायचं कसं, तर एक प्रसंग सांगते. आमचं सॉफ्टवेअर घरोघरी जाऊन मशीन दुरुस्त करणाऱ्या टेक्निशियनच्या व्हिजिट ठरवायचं. ऑपरेटर लोकांची एकच मागणी, एक्सेलमध्ये डाउनलोड द्या. मी मोठी स्टोरी लिहिली, कॉलम निवडता आले पाहिजेत, कोणाला काय दिसावं त्याच्या परवानग्या, तारखांचे फॉरमॅट, टीमनं सांगितलं दोन स्प्रिंट, म्हणजे काही आठवड्यांचे कामाचे दोन टप्पे, लागतील. तो डेव्हलपरचा प्रश्न डोक्यात होता म्हणून ह्या वेळी मी आधी एका ऑपरेटर बाईंच्या शेजारी जाऊन अर्धा दिवस बसले. नुसती बसले, काही विचारलं नाही. त्यांनी काय केलं, तर स्क्रीनवरची यादी जशीच्या तशी कॉपी करून एक्सेलमध्ये टाकली, तारखेनं लावली, ज्यांची व्हिजिटची तारीख उलटून गेलीये पण काम बंद झालेलं नाही तेवढ्या ओळी पिवळ्या केल्या, आणि मग ड्रॉवरमधून एक कागद काढला. त्यावर पेननं तीन कॉलम आखलेले. पहिल्यात फोन नंबर, दुसऱ्यात फोन झाला की टिक, तिसऱ्यात काहीतरी आकडे. एकेकाला फोन, टिक, पुढचा. दुपारी एक्सेलची फाइल सेव्ह न करताच बंद केली!

म्हणजे त्यांना एक्सेल नकोच होतं. त्यांना हवी होती तारीख उलटलेल्या व्हिजिटची यादी आणि फोन झाला हे टिपायला जागा. मी टीमसमोर हेच सांगितलं, कागदाचा फोटो दाखवला, आणि तीच टीम म्हणाली हे तर चार दिवसांचं काम आहे. एक्सेलची ती दोन स्प्रिंटची स्टोरी खाली गेली, आणि ह्या वेळी हे वर का ते मला सांगता आलं, कोणाचं नाव न घेता.

पण पुढचं पण ऐका, कारण शिकणं तिथे आहे. स्प्रिंट रिव्ह्यूला, म्हणजे स्प्रिंट संपताना झालेलं काम दाखवायच्या बैठकीला, आम्ही त्या बाईंना बोलावलं, यादी दाखवली, त्या खूश झाल्या आणि मग तो कागद काढून म्हणाल्या, आणि हे कुठे लिहू? तिसरा कॉलम. ग्राहक म्हणतो आत्ता नको, साडेचारला फोन करा, ती वेळ. मी अर्धा दिवस शेजारी बसून ते आकडे बघितले होते आणि विचारलं नव्हतं. बघायचं पण आणि विचारायचं पण, दोन्ही. तो आयटम दुसऱ्या दिवशी बॅकलॉगच्या सगळ्यात वर गेला.

म्हणून लांबलचक स्टोरी लिहिणाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे की थोडं कमी लिहा. स्टोरीची पद्धत रूढ करणाऱ्यांपैकी एक, रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्येच मांडलं होतं की यूजर स्टोरीत तीन गोष्टी, कार्ड, संवाद आणि काम हवं तसं झालं याची खात्री. कार्ड म्हणजे फक्त आठवण की याबद्दल बोलायचंय. माझी दोन पानं वाचून कोणाला बोलावंसंच वाटत नव्हतं, सगळं ठरलंय तर विचारायचं काय! त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेतल्या यूटा राज्यात स्नोबर्डला १७ जणांनी बसून अजाइल मॅनिफेस्टो, म्हणजे सॉफ्टवेअर कसं बनवावं याचा जाहीरनामा, केला, त्याच्या १२ तत्त्वांमध्ये एक हेच आहे, बिझनेसची माणसं आणि डेव्हलपर यांनी प्रोजेक्टभर रोज एकत्र काम करायचं. रोज. महिन्यातून एकदा डॉक्युमेंट पाठवून नाही.

मीटिंगांबद्दल फार बोलत नाही, ते कोर्समध्ये होतंच. एवढं लक्षात असू द्या की कामाला किती वेळ लागेल, किती मोठं आहे, हे काम करणारे डेव्हलपर सांगणार, तुम्ही नाही, आणि त्यांच्या अंदाजातले दोन दिवस कमी करून मागायचे नाहीत. स्प्रिंट रद्द करायचा अधिकार मात्र फक्त तुमचा आहे, तोही स्प्रिंट गोलला, म्हणजे त्या स्प्रिंटच्या उद्दिष्टाला, काही अर्थ उरला नाही तरच.

'नाही' म्हणायचं कसं हे सगळे विचारतात. मी सहसा नुसतं नाही म्हणतच नाही, बॅकलॉग उघडून समोरच्याला शेजारी बसवते आणि म्हणते, घेऊया की, पण मग ह्यातलं कोणतं खाली ढकलायचं ते आपण मिळून बघू. बऱ्याचदा माणूस स्वतःच म्हणतो, अरे हे चालू आहे का, मग माझं राहू दे महिनाभर. आणि नाही म्हणाला तर त्याच्याकडे काहीतरी असं कारण असतं जे मला माहीतच नव्हतं, मग मी क्रम बदलते. त्यात कमीपणा कसला?

आता अवघड भाग. एका कंपनीत माझं पद प्रॉडक्ट ओनरचं होतं पण क्रम ठरवायची दर गुरुवारी सहा जणांची मीटिंग, मी फक्त तिकडचं इकडे आणून द्यायचे. टीमनं शंका विचारली की उत्तर पुढच्या गुरुवारी, तोवर लोक अंदाजानं बांधायचे आणि मग परत तोडायचे. चांगली, मन लावून काम करणारी पोरं होती, त्यांची मेहनत अशी वाया जाताना बघून जीव तुटायचा. गाइडमध्ये स्पष्ट लिहिलंय की प्रॉडक्ट ओनर यशस्वी व्हायचा तर पूर्ण संस्थेनं त्याच्या निर्णयांचा मान ठेवला पाहिजे, पण ते वाक्य दाखवून कोणी अधिकार देत नाही. मी एक छोटा तुकडा मागितला, फक्त नोटिफिकेशनचा भाग, त्याचा क्रम मी ठरवणार आणि दर रिव्ह्यूला काय फरक पडला ते दाखवणार, मेलवर लिहून घेतलं. पाच महिन्यांनी दुसरा तुकडा मिळाला. सगळा मिळायच्या आत मी ती नोकरी सोडली, पण त्या पाच महिन्यांत टीमला उत्तर त्याच दिवशी मिळत होतं.

तर दारात भेटलेल्या मित्रा, सोमवारी सकाळी बॅकलॉग उघड, वरचे पाच आयटम घे, आणि प्रत्येकाशेजारी लिही की हा खालच्याच्या वर का आहे. जिथे 'वरून सांगितलंय' एवढंच लिहिता येईल तिथे थांब, तो आयटम कोण वापरणार आहे त्याचं नाव शोध आणि मंगळवारी त्याच्या शेजारी जाऊन बस. वही घेऊन जा. आणि त्याच्या ड्रॉवरमधून कागद निघाला तर तिसऱ्या कॉलममध्ये काय लिहिलंय ते विचार.