शिडाविना वाऱ्यावर

(पडद्यावर: जुनं कृष्णधवल छायाचित्र. दोन उंच नळकांडी मिरवत चाललेलं जहाज.)

या जहाजाकडे नीट पाहा. धुराडी म्हणावीत, तर त्यांतून धूर येत नाही. डोलकाठ्या म्हणाव्यात, तर शीड कुठे आहे? तरीही हे जहाज वाऱ्यावरच चाललंय.

नाव ‘बुकाऊ’. वर्ष १९२४, ठिकाण जर्मनीतलं कील बंदर. आन्टोन फ्लेटनर या अभियंत्याने एका शिडाच्या जहाजावरून डोलकाठ्या, दोर, शिडं, सगळं उतरवलं आणि त्या जागी साधारण १५ मीटर उंचीचे दोन पोकळ दंडगोल उभे केले. विजेच्या मोटरी त्यांना स्वतःभोवती गरगर फिरवत.

फिरत्या दंडगोलावर वारा आला, की एका बाजूचा पृष्ठभाग वाऱ्याच्याच दिशेने पळत असतो. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो. दुसऱ्या बाजूला पृष्ठभाग वाऱ्याला सामोरा जातो, हवा अडखळते, दाब चढतो. त्यामुळे दंडगोल वाऱ्याला काटकोनात ढकलला जातो. फिरकी देऊन मारलेला फुटबॉल हवेत वळतो, तोही असाच. हाइनरिख माग्नुस यांनी १८५२मध्येच या परिणामाचं वर्णन केलं होतं, पण ते तोफगोळे वाट का सोडतात हे शोधताना. त्यावर जहाज चालवायचं फ्लेटनरला सुचलं.

वारा आडवा असेल, तर जोर सरळ पुढे मिळतो. मोटरींना लागणारी वीज त्या मानाने थोडी. दंडगोल उलटे फिरवले की जोरही उलटा. वादळात डोलकाठीवर चढून शीड आवरायला माणसं नकोत. कळ फिरवली की झालं. १९२६मध्ये हेच जहाज ‘बाडेन-बाडेन’ या नव्या नावाने अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोहोचलं. म्हणजे यंत्र चाललं; चालला नाही तो हिशेब. इंधन स्वस्त होतं, डिझेल इंजिनं सुधारत होती आणि वाचलेल्या इंधनाची कुणाला फारशी पर्वा नव्हती.

(पडद्यावर: दोन जाडजूड पांढरे स्तंभ असलेलं ‘अल्सिओन’.)

पुढे फ्रेंच सागरसंशोधक झाक कुस्तो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी युक्ती काढली. त्यांचा स्तंभ गरगर फिरत नाही. त्याच्या अंगाला छिद्रं असतात आणि आतला पंखा बाहेरची हवा त्यांतून ओढून घेतो. त्यामुळे वारा स्तंभाला चिकटून वाहतो आणि विमानाच्या जाड पंखासारखा जोर देतो. पहिल्या प्रयोगात, १९८३मध्ये, स्तंभाचे सांधे वादळात तुटले आणि तो समुद्रात गेला. ‘अल्सिओन’ हे त्यांचं पुढचं जहाज मात्र १९८५मध्ये असे दोन स्तंभ घेऊन अटलांटिकपार गेलं.

पतंगाची कल्पना तर याहून जुनी. १९०३मध्ये सॅम्युअल कोडी या अवलियाने पतंगाला बांधलेल्या छोट्या बोटीतून इंग्लिश खाडी ओलांडली. २००८मध्ये ‘बेलुगा स्कायसेल्स’ हे मालवाहू जहाज १६० चौरस मीटरचा पतंग घेऊन अटलांटिकपार निघालं. उंचावर वारा जास्त जोरकस असतो. शिवाय पतंग एका जागी न थांबता इंग्रजी आठच्या आकड्यात घिरट्या घालतो. त्याच्या स्वतःच्या वेगाने त्याला लागणारा वारा वाढतो आणि दोराला ओढही.

(पडद्यावर: आरेखन. बोटीवर पवनचक्की, पाण्याखाली पंखा, दोघांना जोडणारा दांडा.)

आता सगळ्यात खटकणारी गोष्ट. शिडाची बोट थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही; तिला नागमोडी जावं लागतं. पण बोटीवर पवनचक्की बसवून तिने पाण्यातला पंखा फिरवला, तर ती बोट नाकासमोर, वारा येतोय तिकडेच जाते. ऐकताना हे फुकटची ऊर्जा मिळवण्यासारखं वाटतं. तसं ते नाही.

समजा वारा ताशी २० किलोमीटर आहे आणि बोट त्याच्याविरुद्ध ताशी ५ने चालली आहे. पवनचक्कीला हवा भेटते २५च्या वेगाने, पाण्यातल्या पंख्याला पाणी भेटतं ५च्या. शक्ती म्हणजे जोर गुणिले वेग. तीच शक्ती कमी वेगाच्या पाण्यात वापरली की जोर जास्त मिळतो. मधली गळती बरीच असली, तरी वाऱ्याने मागे लोटल्यापेक्षा पुढचा रेटा मोठा ठरू शकतो. हवा आणि पाणी यांच्या वेगात फरक आहे, त्या फरकावर ही बोट जगते.

हेच तत्त्व उलटं लावून रिक कॅव्हलॅरो यांच्या ‘ब्लॅकबर्ड’ या चाकांच्या गाडीने २०१०मध्ये वारा पाठीशी असताना वाऱ्याच्या सुमारे २.८ पट वेग गाठला. २०२१मध्ये एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी हे अशक्य म्हणत दहा हजार डॉलरची पैज लावली, आणि हरले.

तरी मालवाहतुकीत पवनचक्कीची बोट रुळली नाही. डेकवर फिरणारी मोठाली पाती कुणालाच नको असतात, आणि आडव्या वाऱ्यात साधं शीडच सरस ठरतं.

(पडद्यावर: आजचं तेलवाहू जहाज, डेकवर दोन रोटर.)

परतले ते फ्लेटनरचे दंडगोल. २०१८मध्ये ‘मेर्स्क पेलिकन’ या तेलवाहू जहाजावर ३० मीटर उंचीचे दोन रोटर बसवले. वर्षभरात इंधन वाचलं ८.२ टक्के. आकडा किरकोळ वाटेल. रोज टनावारी तेल जाळणाऱ्या जहाजाच्या मालकाला विचारा! ‘पिक्सिस ओशन’ या मालवाहू जहाजावर २०२३मध्ये ३७.५ मीटर उंचीचे दोन ताठ पंख चढले, आणि पहिल्या सहा महिन्यांत सरासरीने रोज तीन टन इंधन वाचल्याचं सांगितलं गेलं.

अडचण उरते ती बंदराची. क्रेनच्या वाटेत उभा खांब कोण चालवून घेईल? म्हणून २०२१मध्ये ‘सी झौशान’ या अजस्र खनिजवाहू जहाजावर पाच रोटर बसवले, ते आडवे होतील असेच. माल भरताना ते डेकवर निजतात, समुद्रात गेल्यावर पुन्हा उभे राहतात.