पहिली बैठक कोणाची?

मित्रहो, पत्रिकेवर 'अल्फा फाय अल्फाचा जन्म आणि वाद' असा विषय छापला आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये ग्रीक अक्षरांची नावं घेणारी विद्यार्थ्यांची बंधुमंडळं असतात, त्यांना फ्रॅटर्निटी म्हणतात. 'फाय बीटा कॅपा' १७७६ सालची, म्हणजे ही परंपरा त्या देशाच्याच वयाची. त्यातल्या अल्फा फाय अल्फा या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या मंडळाबद्दल मला बोलायचंय. पण त्याआधी एका वहीबद्दल बोलतो, कारण त्या वहीमुळेच मी या विषयाच्या मागे लागलो.

आमच्या वसतिगृहात खोलीत चाळीसचा एक बल्ब आणि मेसमध्ये दोन ट्यूबलाइट. म्हणून रात्री साडेनऊला मेस उठली की टेबलं पुसून तिथेच अभ्यासाला बसायचं. ही पद्धत पाडली एका सीनिअरने. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. खेड्यातून आलेल्या मुलांना ते इंग्रजीचा उतारा मोठ्याने वाचायला लावत. कोणी अडखळला आणि दुसरा हसला, तर पुढचा उतारा हसणाऱ्याने वाचायचा. (हसू नका, माझ्यावर तीन उतारे आले होते!) दोन वर्षांनी मुलांना वाटलं, आता रीतसर मंडळ काढू. नाव, शिक्का, वर्गणी, गणपती. अण्णा म्हणाले, "पावतीपुस्तक आलं की क्रमिक पुस्तक मागे पडतं." मतदान झालं. अण्णा एकटे पडले आणि दुसऱ्या दिवसापासून यायचे बंद झाले.

पुढे मंडळाचा रौप्यमहोत्सव झाला. जिन्याशी संगमरवरी पाटी लागली. संस्थापक म्हणून सात नावं, आणि अण्णांचं नाही. मी सभेत उठून विचारलं. उत्तर मिळालं, "स्थापनेच्या ठरावावर त्यांची सही नाही." कशी असेल? ठराव त्यांच्या मनाविरुद्धच झाला होता ना! पण पहिल्या रात्रीची हजेरी ज्या वहीत आहे, ती त्यांच्या अक्षरातली आहे. मागच्या पानावर चहाचा हिशेबसुद्धा त्यांचाच. मला त्या दिवशी फार लागलं, अजूनही लागतं.

आता कॉर्नेल विद्यापीठ, अल्फा फाय अल्फाचं जन्मस्थान. न्यूयॉर्क राज्यातलं इथाका गाव, १९०५-०६. विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलं बोटांवर मोजण्याइतकी. गोऱ्यांच्या फ्रॅटर्निटीच्या घरात त्यांना प्रवेश असे तो टेबलावर वाढायला, सभासद म्हणून नव्हे. अशा मुलांना एकत्र आणून अभ्यास आणि चर्चा सुरू केली सी. सी. पॉइंडेक्स्टर यांनी. ते शेतीशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी, इतरांहून वयाने मोठे. तरुणांना वाटलं, आपण वाढतो त्या मंडळींसारखं आपलंही घर हवं, खुणेचा हात हवा, काळा आणि सोनेरी रंग हवा. पॉइंडेक्स्टरांना ते पटेना. फ्रॅटर्निटीला आपल्या समाजात पूर्वपीठिका नाही, अभ्यासमंडळच बरं, असं त्यांचं मत. ४ डिसेंबर १९०६ला फ्रॅटर्निटी व्हायचं ठरलं आणि पॉइंडेक्स्टर बाजूला झाले. संस्थापक सात मानले जातात, त्यांना 'सात रत्नं' म्हणतात. पॉइंडेक्स्टर त्यांत नाहीत.

वाचताना मला आमची पाटीच दिसली.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं. बरं, मग मुद्दे भराभर सांगतो. सातांची यादीसुद्धा लगेच पक्की झाली नाही. युजीन किंकल जोन्स कॉर्नेलला आले १९०६मध्ये, मूळ अभ्यासगटात नव्हते. पण हॉवर्ड आणि व्हर्जिनिया युनियन या विद्यापीठांत शाखा उभ्या करण्यात ते पुढे होते. त्यांचं संस्थापकपद कायम व्हायला १९५२ उजाडलं. त्याआधी जेम्स मॉर्टन यांचं नाव यादीत असे. म्हणजे संस्थापक कोण, हे ठरायला जवळजवळ अर्धं शतक लागलं.

दुसरा वाद 'कृष्णवर्णीयांची पहिली फ्रॅटर्निटी' यातल्या 'पहिली' या शब्दाचा. फिलाडेल्फियात १९०४ सालीच 'सिग्मा पाय फाय' निघाली होती, पण ती शिकून बाहेर पडलेल्या व्यावसायिकांची. इंडियानात १९०३ला विद्यार्थ्यांचा एक प्रयत्न झाला, तो टिकला नाही. म्हणून अल्फाची मंडळी 'आंतरमहाविद्यालयीन' हा शब्द न विसरता लावतात, आणि ते बरोबरच आहे.

तिसरा वाद ओळखीचा. नाव ग्रीक, पण मुखपत्राचं नाव 'स्फिंक्स', मानचिन्हं इजिप्तची. पॉइंडेक्स्टरांनी पूर्वपीठिकेचा प्रश्न काढला होता. त्याला या पोरांनी आफ्रिकेतूनच उत्तर शोधलं, असं मी मानतो. सभासदत्वाच्या नियमातला 'निग्रो' हा शब्द त्यांनी १९४०च्या दशकात स्वतःच काढला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश थरगूड मार्शल, मार्टिन लूथर किंग याच मंडळाचे. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइसही. १९४६ साली बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिलं, तेच ड्यूबॉइस. जोतीरावांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केली, हे या सभागृहात वेगळं सांगायला नको. त्यामुळे हा वाद मला परका वाटत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की सात रत्नं आहेत तशी राहू द्या. ठराव त्यांचा, धाडस त्यांचं. पण पहिल्या बैठकीचं वर्ष सांगताना पॉइंडेक्स्टर हे नाव त्याच वाक्यात यायला हवं, पुढच्या परिच्छेदात नको.

दुसरी चिठ्ठी आली. थांबतो. ती वही मी आज बरोबर आणली आहे, बाहेर टेबलावर ठेवतो. पहिलं पान जपून उलटा, शिवण सुटली आहे.