हेडमास्तरांची सही म्हणजे पोरांचा होकार नव्हे

बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर सोडून जांबोटीच्या रस्त्याला लागलं की झाडी दाट होत जाते, पुढं कणकुंबीला मलप्रभेचा उगम. या पट्ट्यातल्या मराठी शाळांत पोरं थोडी, आणि त्यांच्यावर संशोधन करायला येणारे मात्र बरेच.

एमएडच्या वेळी मीही असाच प्रश्नावली घेऊन एका शाळेत गेलो होतो. ऑफिसात चहा झाला, हेडमास्तरांनी सही केली, शिक्का मारला, झाली परवानगी! पालकांना कुणी विचारलंच नाही. ‘वडील काय करतात’ या प्रश्नावर चौथीतली एक मुलगी पेन्सिल धरून नुसती बसून राहिली, मग शेजारणीला दिसू नये म्हणून कोपर आडवं धरलं आणि काहीतरी लिहिलं. ‘नाही लिहिलंस तरी चालेल गं’ एवढंच सांगायचं होतं, तेही मी सांगितलं नाही.

संशोधनात कुणावर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या विद्यापीठातल्या एथिक्स कमिटीनं अडवायचं ते इथंच. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017 ची नियमावली आहे, ती आरोग्याच्या संशोधनासाठीची, पण त्यातली गोष्ट शिक्षणवाल्यांनीही घ्यावी अशीच आहे: पालकांची संमती तर हवीच, वर सात वर्षांपुढच्या पोराचा स्वतःचा होकार हवा, बारापर्यंत तोंडी, पुढं लेखी. कमिटीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा, आणि सभासदांत एक साधा सामान्य माणूसही, कारण फॉर्म त्याला कळला तरच तो गावात कळणार.

आणि आपल्याकडं भाषेचं वेगळंच. 1956 पासूनचा महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद, 2004 पासून सुप्रीम कोर्टात दावा, अशा ठिकाणी ‘घरी कुठली भाषा बोलता’ हा प्रश्न साधा राहत नाही, आईबाप दोनदा विचार करतात. प्रबंधात नाव बदललं म्हणून काय झालं, ‘अमुक गावची मराठी शाळा, चौथीतली एकुलती एक मुलगी’ असं छापलं की सगळ्या गावाला कळतंच की कोण ते! म्हणून गावाचं नावही गाळायला लागतं, वर्गही सांगायचा नाही.

नंतर दुसऱ्या एका अभ्यासाला मी फॉर्म मराठीत केला आणि संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर बसून सगळ्यांना वाचून दाखवला. मागं बसलेल्या एका आईनं हळूच विचारलं, “नको म्हटलं तर गुरुजी पोराला काय बोलणार न्हाईत न्हवं?”

त्या रात्री फॉर्ममध्ये पहिली ओळ तीच घातली.